कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढायचा नीट क्रम: बटण दाबायच्या आधीपासून फाइल पाठवेपर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं फॉर्म भरायचं आणि प्रिंट काढायचं दुकान आहे, तिथं येणारी बरीच मंडळी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाईलनं काढलेला फोटो घेऊन येतात. त्यात आडव्या रेषा आलेल्या असतात, वरची ट्यूबलाइट चमकत असते आणि नेमका पेमेंटचा नंबर कडेला कापला गेलेला असतो. दुसरे काहीजण म्हणतात, "बटण दाबलं की ओ मी, पण फोटो कुठं गेला तेच कळंना झालंय." म्हणजे बटण माहीत असतंय, चूक होते ती दाबायच्या आधी आणि दाबल्यानंतर. म्हणून खाली सगळं क्रमानं लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

## पायरी १: कशासाठी पाहिजे ते आधी ठरवा

हे ठरवलं नाही की चुकीचा प्रकार वापरला जातो आणि मग परत तो पेज उघडत बसावं लागतंय, जो बऱ्याचदा परत उघडतच नाही.

पुरावा म्हणून पाहिजे असेल, म्हणजे लाइट बिल भरलं, परीक्षा फी भरली, पैसे कट झाले पण पावती आली नाही असलं काही, तर पूर्ण स्क्रीन घ्या. ब्राउझरच्या वरचा वेबसाइटचा पत्ता आणि खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख-वेळ दोन्ही दिसली पाहिजेत. नुसता "पेमेंट सक्सेसफुल" एवढाच हिरवा चौकोन कापून ठेवला तर तो कुठल्या साइटचा, कधीचा, काहीच सांगता येत नाही.

मदत मागायला पाहिजे असेल, समजा उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये बिलिंगच्या सॉफ्टवेअरला एरर आलाय आणि तो सॉफ्टवेअरवाल्याला दाखवायचाय, तर एररचा डबा पूर्ण घ्या, त्यातल्या आकड्यांसकट, आणि त्याच्या मागची विंडो पण थोडी दिसू दे. समोरच्याला तुम्ही कुठल्या स्क्रीनवर होता ते कळल्याशिवाय तो काही सांगू शकत नाही.

अपलोड करायला किंवा प्रोजेक्टच्या फाइलमध्ये घालायला पाहिजे असेल तर मात्र लागेल तेवढाच भाग घ्या.

ध्यानात ठेवा: पावती डाउनलोड करायची सोय असेल तर पीडीएफ पावती आधी उतरवा, स्क्रीनशॉट त्याच्या जोडीला. पीडीएफच्या जागी स्क्रीनशॉट चालतोच असं नाही, बऱ्याच ऑफिसात तो घेतच नाहीत.

## पायरी २: स्क्रीन आवरून घ्या

स्क्रीनशॉटमध्ये स्क्रीनवर असेल ते सगळं येतंय. व्हॉट्सॲप डेस्कटॉप चालू असेल तर कोपऱ्यात एखादा मेसेज टपकतो आणि नेमका तोच फोटोत जातो. तेवढ्या वेळापुरतं व्हॉट्सॲप बंद करा किंवा नोटिफिकेशन थांबवा. विंडोज ११ मध्ये विंडोज की आणि एन दाबलं की नोटिफिकेशनचा कप्पा उघडतो, त्यात घंटीचं चिन्ह आहे त्यावर क्लिक केलं की डू नॉट डिस्टर्ब चालू होतं. काम झालं की परत बंद करा, नाहीतर दिवसभर मेसेज कळणार नाहीत.

ब्राउझरमध्ये वरती बारा टॅब उघडे असतील तर त्यांची नावं पण येतात. बँकेचा, दवाखान्याच्या रिपोर्टचा टॅब असेल तर तो बंद करा किंवा पाहिजे तो पेज वेगळ्या विंडोत ओढून घ्या. बुकमार्कची पट्टी कंट्रोल, शिफ्ट, बी दाबलं की जाते.

आता अक्षराच्या आकाराचं. मराठी मजकूर असेल, उदाहरणार्थ सातबारा किंवा एखादी नोटीस, तर अक्षर मोठं करून मगच स्क्रीनशॉट घ्या. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पेज मोठा होतो. बारीक अक्षराचा स्क्रीनशॉट घेऊन नंतर फोटो ताणला तर जोडाक्षरं आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात आणि "संमत" की "समत" हे वाचणाऱ्याला कळत नाही. उलट मजकूर स्क्रीनवर मावत नसेल तर कंट्रोल आणि वजा दाबून थोडा लहान करा, पण वाचता येईल एवढाच. पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

तपासा: पाहिजे ती ओळ, नंबर, तारीख आत्ता डोळ्यांना दिसतेय का? पेमेंटच्या पेजवर ट्रान्झॅक्शन नंबर कधीकधी खाली असतो आणि स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाही, माणूस वरचा हिरवा टिकमार्क बघून खुश होतो आणि तेवढंच काढून मोकळा होतो.

## पायरी ३: क्लिपबोर्ड की फाइल, हा फरक समजून घ्या

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

काही बटणं दाबली की फोटो थेट फाइल म्हणून सेव्ह होतो. काही बटणं दाबली की फोटो फक्त क्लिपबोर्डवर जातो, म्हणजे कॉम्प्युटरनं तो हातात धरून ठेवलाय, कपाटात ठेवलेला नाही. तुम्ही दुसरं काही कॉपी केलं की हातातलं पहिलं पडतं. कॉम्प्युटर बंद झाला की तेही जातं. आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, यूपीएस नसेल तर क्लिपबोर्डवरचा फोटो गेलाच म्हणून समजा.

म्हणून नियम साधा: फोटो क्लिपबोर्डवर गेला असेल तर दुसरं काहीही करायच्या आधी तो पेस्ट करून सेव्ह करायचा. पेंट (विंडोजमधलाच चित्रांचा प्रोग्राम) उघडा, कंट्रोल व्ही, मग कंट्रोल एस, नाव द्या, जागा निवडा. झालं.

विंडोज १० आणि ११ मध्ये अजून एक सोय आहे. विंडोज की आणि व्ही दाबलं की क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो, त्यात आधी कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी राहतात. पहिल्यांदा दाबल्यावर ते चालू करायला विचारतं, चालू केल्यापासून पुढचंच साठवतं, त्यामुळं घोळ झाल्यावर चालू करून जुनं मिळणार नाही, आजच चालू करून ठेवा. एकामागोमाग पाच-सहा स्क्रीनशॉट काढायचे असतील तर याचा लई उपयोग होतो. पण कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की पिन केलेलं सोडून बाकी सगळं पुसलं जातं, त्यामुळं ही साठवायची जागा नव्हे.

## पायरी ४: कीबोर्डवर बटण सापडत नाही तेव्हा

प्रिंट स्क्रीनचं बटण वरच्या ओळीत उजवीकडं असतं, त्यावर पूर्ण नाव न लिहिता पी, आर, टी, एस, सी अशी तोकडी अक्षरं लिहिलेली असतात. लॅपटॉपवर बऱ्याचदा ते दुसऱ्या एखाद्या बटणावरच दुसऱ्या रंगात छापलेलं असतं. तसं असेल तर डाव्या खालच्या कोपऱ्यातलं एफएन दाबून धरायचं आणि मग ते दाबायचं. नुसतं दाबलं तर त्या बटणाचं दुसरं काम होतं आणि माणूस म्हणतो लॅपटॉप बिघडलाय.

काही लहान कीबोर्डवर हे बटण नसतंच. तेव्हा विंडोज, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा, स्क्रीनवर कीबोर्ड येतो, त्यात प्रिंट स्क्रीन असतं. पण असल्या कॉम्प्युटरवर पुढच्या पायरीतला तिसरा प्रकार वापरलेला बरा, त्याला हे बटण लागतच नाही.

तुमचं विंडोज कुठलं ते माहीत नसेल तर विंडोज आणि आर दाबा, चौकटीत इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करा, एंटर. आलेल्या डब्यात आवृत्ती दिसेल. पुढं काय चालेल आणि काय नाही ते यावर आहे.

## पायरी ५: विंडोजवर काढायचे प्रकार

पहिला, नुसतं प्रिंट स्क्रीन. पूर्ण स्क्रीन क्लिपबोर्डवर जाते. दोन मॉनिटर जोडलेले असतील तर दोन्ही एकाच लांबलचक फोटोत येतात, हे अकाउंटंट लोकांच्या ऑफिसात हमखास होतं आणि एका क्लायंटच्या कामात दुसऱ्या क्लायंटचा हिशोब जातो. विंडोज ११ मध्ये आता हे बटण दाबलं की थेट स्निपिंग टूल (विंडोजमधलाच स्क्रीनशॉट काढायचा प्रोग्राम) उघडतं, पूर्वीसारखं गुपचूप कॉपी होत नाही. तुम्हाला जुनीच सवय असेल तर सेटिंग्जमध्ये ऍक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथं प्रिंट स्क्रीननं स्क्रीन कॅप्चर उघडायचं की नाही याचा खटका आहे, तो बंद करा.

दुसरा, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन. फक्त चालू असलेली एकच विंडो क्लिपबोर्डवर जाते. हा मला स्वतःला फार आवडतो कारण कापाकापी करावी लागत नाही, बाकीचं डेस्कटॉप येत नाही. फक्त आधी त्या विंडोवर एकदा क्लिक करून घ्यायचं. एररचा डबा आलाय आणि तुम्ही मधे दुसरीकडं क्लिक केलं असेल तर मागच्याच विंडोचा फोटो निघतो. आणि हो, टास्कबारवरचं घड्याळ यात येत नाही, म्हणून पुराव्याच्या कामाला हा वापरू नका.

तिसरा, विंडोज, शिफ्ट आणि एस. रोजच्या कामाला हाच. स्क्रीन अंधूक होते, वर छोटी पट्टी येते, त्यात चौकोन, वाकडातिकडा आकार, एक विंडो किंवा पूर्ण स्क्रीन यातलं निवडायचं आणि माउसनं ओढायचं. हे २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून आहे. माउस सोडला की फोटो क्लिपबोर्डवर जातो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात नोटिफिकेशन येतं. त्यावर क्लिक केलं की खुणा करायला, कापायला एडिटर उघडतो. नोटिफिकेशन निघून गेलं म्हणून घाबरू नका, फोटो क्लिपबोर्डवर आहे, पेंट उघडून पेस्ट करा.

इथं १० आणि ११ मध्ये मोठा फरक आहे. विंडोज १० मध्ये तुम्ही सेव्ह केलं तरच फाइल होते. विंडोज ११ मधलं नवीन स्निपिंग टूल मूळ फोटो आपोआप पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये टाकतं, त्याचा खटका टूलच्या सेटिंगमध्ये आहे. हे चांगलं पण आहे आणि धोक्याचं पण, धोका कुठला ते पायरी ९ मध्ये सांगतो.

चौथा, विंडोज आणि प्रिंट स्क्रीन. पूर्ण स्क्रीन थेट पीएनजी (फोटोच्या फाइलचा एक प्रकार) फाइल म्हणून सेव्ह होते, पिक्चर्सच्या आत स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये. दाबल्यावर स्क्रीन क्षणभर अंधारते, तीच काढल्याची खूण. पुराव्यासाठी हाच वापरा, कारण यात पेस्ट करायचं विसरायला वावच नाही. हे विंडोज ८ पासून आलं. अजून काही दुकानांत, ऑफिसात विंडोज ७ चालू आहे, तिथं हे चालत नाही, तिथं नुसतं प्रिंट स्क्रीन आणि पेंट हाच रस्ता.

तपासा: विंडोज आणि ई दाबून पिक्चर्स, मग स्क्रीनशॉट्स उघडा. नवीन फाइल दिसते का? दिसत नसेल तर डावीकडं वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवायची जागा) लिहिलेलं आहे तिथं जाऊन त्यातलं पिक्चर्स बघा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर फोल्डर तिकडं हललेलं असतं आणि माणूस सगळा कॉम्प्युटर उलटापालटा करत बसतो.

विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन असा पण एक आहे, तो गेमसाठीचा, फोटो व्हिडिओजमधल्या कॅप्चर्स फोल्डरमध्ये जातो. चुकून तिन्ही बटणं दाबली गेली असतील तर तिथं शोधा.

## पायरी ६: हात लावला की पळणारी गोष्ट पकडायची असेल

ड्रॉपडाउन उघडलेला असतो, त्यातला पर्याय दाखवायचाय, पण बटण दाबायला गेलं की तो मिटतो. माउस वर नेल्यावरच दिसणाऱ्या पिवळ्या चिठ्ठीचं पण तसंच. यासाठी वेळ लावायची सोय वापरा.

१. स्टार्टमध्ये स्निपिंग टूल शोधून उघडा.
२. घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून ३, ५ किंवा १० सेकंद निवडा. विंडोज १० मधल्या स्निप अँड स्केचमध्ये न्यूच्या शेजारच्या बाणात ३ आणि १० सेकंद आहेत.
३. न्यू दाबा आणि लगेच तो मेन्यू उघडून माउस पाहिजे तिथं ठेवा, हलवू नका.
४. वेळ संपली की स्क्रीन गोठते, मग निवांत चौकोन ओढा.

३ सेकंद कमी पडतात, पहिल्यांदा करताना ५ किंवा १० च घ्या. माउसचा बाण साध्या स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, त्यामुळं "इथं क्लिक करा" असं दाखवायचं असेल तर नंतर एडिटरमध्ये लाल पेननं गोल करा.

## पायरी ७: स्क्रीनपेक्षा लांब पेज

निकालाची यादी, भरलेला पूर्ण अर्ज, असले पेज एका स्क्रीनमध्ये मावत नाहीत. लोक पाच तुकडे काढतात आणि मग क्रम लागत नाही. ब्राउझरमध्येच पूर्ण पेज काढता येतो, बाहेरचं कुठलंही एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा जादा प्रोग्राम) घालू नका. फुकटातली एक्स्टेंशन तुम्ही उघडलेले सगळे पेज वाचायची परवानगी मागतात, बँकेचं काम त्याच ब्राउझरमध्ये करणाऱ्यानं ती देऊ नये.

फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस दाबा आणि पूर्ण पेजचं बटण निवडा. एजमध्ये पण तेच, कंट्रोल, शिफ्ट, एस, मग फुल पेज. क्रोममध्ये जरा लांबचा रस्ता आहे पण एकदा हाताला बसला की सोपा: एफ १२ दाबा, उजवीकडं डेव्हलपरचा भाग उघडेल, मग कंट्रोल, शिफ्ट, पी दाबा, आलेल्या चौकटीत इंग्रजीत स्क्रीनशॉट टाइप करा, यादीतलं कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट निवडा. फाइल डाउनलोड्समध्ये उतरते. परत एफ १२ दाबून तो भाग बंद करा. त्या भागात दुसरं काही टाइप करू नका, आणि फोनवरून कुणी "हे तिथं पेस्ट करा" म्हणून सांगितलं तर अजिबात करू नका, त्यातून तुमचं लॉगिन दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं.

आधी करा: काढायच्या आधी पेज एकदा तळापर्यंत स्क्रोल करून वर आणा. खालचे फोटो आणि तक्ते स्क्रोल केल्याशिवाय लोड होत नाहीत, मग फोटोत तिथं पांढरे चौकोन येतात.

पेजच्या आतच एक वेगळी स्क्रोल होणारी चौकट असेल तर पूर्ण पेज काढूनही त्या चौकटीतला दिसणारा भागच येतो. तिथं कंट्रोल पी दाबून पीडीएफ म्हणून सेव्ह करून बघा, नाहीतर तुकडे काढा, पण प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्याची शेवटची एक-दोन ओळी परत घ्या, म्हणजे मधलं काही गळालं नाही हे बघणाऱ्याला कळतं.

## मॅक आणि उबंटूवाल्यांसाठी

मॅकवर कमांड, शिफ्ट, ३ म्हणजे पूर्ण स्क्रीन, कमांड, शिफ्ट, ४ म्हणजे ओढून भाग. ४ दाबल्यावर स्पेस दाबलं की कॅमेऱ्याचं चिन्ह येतं, ज्या विंडोवर क्लिक कराल ती एकटी निघते. २०१८ च्या मोहावे या मॅकच्या आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट, ५ आलंय, त्यात सगळे पर्याय आणि टायमर एका पट्टीत मिळतात. फाइल डेस्कटॉपवर जाते, सोबत कंट्रोल दाबलं तर क्लिपबोर्डवर. कोपऱ्यात छोटा फोटो दिसतो तो जाईपर्यंत डेस्कटॉपवर फाइल येत नाही, तेवढं थांबा, परत परत काढू नका.

उबंटू २२.०४ पासून प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडायची पट्टी येते, आणि फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये पण जातो आणि क्लिपबोर्डवर पण. ऑल्ट लावलं की एक विंडो, शिफ्ट लावलं की थेट पूर्ण स्क्रीन.

## पायरी ८: उघडून बघा, मगच पेज बंद करा

ही पायरी दहा सेकंदांची आहे आणि हीच सगळे गाळतात. पेमेंटचा पेज बंद केला, लॉगआउट केलं, आणि घरी जाऊन बघितलं तर फोटोत नुसता गोल फिरणारा लोडिंगचा चक्र. त्यामुळं मूळ पेज उघडा असतानाच फाइलवर डबल क्लिक करा आणि झूम करून नंबर वाचा, शेवटच्या आकड्यापर्यंत. तारीख आली का बघा. पूर्ण नाव आलं का बघा.

पैसे देऊन बघायच्या सिनेमाच्या साइटवर फोटो पूर्ण काळा येतो, ते व्हिडिओच्या कुलुपामुळं असतं, तुमच्या कॉम्प्युटरचा दोष नाही, त्यात वेळ घालवू नका.

विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये फोटोतली अक्षरं कॉपी करायची पण सोय आहे, मोठा ट्रान्झॅक्शन नंबर हातानं टाइप करण्यापेक्षा बरी. पण कॉपी झालेला नंबर मूळाशी ताडून घ्या, शून्य आणि इंग्रजी ओ मध्ये गफलत होऊ शकते.

## पायरी ९: झाकायचं ते खरंच झाका

आधारचा नंबर, खात्याचा नंबर, मोबाईल, जन्मतारीख, हे गरज नसेल तर झाकल्याशिवाय कुणाला पाठवू नका. लोक झाकतात, पण झाकलेलं परत दिसतं, ते असं:

हायलाइटर वापरतात. हायलाइटर पारदर्शक असतो, काळ्या रंगाचा घेऊन चार वेळा फिरवला तरी फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसू शकतं. पेंटमध्ये पूर्ण भरलेला काळा चौकोन काढा.

धूसर करतात. आकडे धूसर केलेले असले तरी थोडक्याच शक्यता असल्यानं ते ओळखून काढता येतात. काळा चौकोनच बरा.

वर्डमध्ये फोटो टाकून तिथं क्रॉप करतात किंवा वरून काळी पट्टी ठेवतात. वर्डमध्ये क्रॉप केलेला भाग फाइलमध्येच राहतो, समोरचा माणूस तो परत उघडू शकतो, आणि पट्टी तर माउसनं बाजूला ओढता येते. झाकायचं काम पेंटमध्ये फोटोवरच करा आणि सेव्ह करा.

आणि आता तो धोका. विंडोज ११ आपोआप सेव्ह करतं तो मूळ फोटो. तुम्ही एडिटरमध्ये आधार नंबर काळा केला, दुसऱ्या नावानं सेव्ह केला, तरी न झाकलेला फोटो त्याच फोल्डरमध्ये शेजारी पडलेला असतो. जोडताना लहान चित्रात दोन्ही सारखेच दिसतात आणि नेमका उघडा जातो. झाकलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, डेस्कटॉपवर ठेवा, आणि मूळ पुसून टाका.

जुन्या कॉम्प्युटरवर अपडेट बंद करून ठेवलेल्यांनी हे पण वाचा. २०२३ मध्ये स्निपिंग टूलमध्ये असा दोष सापडला होता की फोटो कापून त्याच फाइलवर सेव्ह केला तर कापलेला भाग फाइलच्या शेपटीला उरायचा आणि काढता यायचा. मायक्रोसॉफ्टनं मार्च २०२३ मध्ये तो दुरुस्त केला. स्टोअरमधून टूल अपडेट करून घ्या, आणि कापलेला फोटो नेहमी नवीन नावानं सेव्ह करा.

स्निपिंग टूलमध्ये एका क्लिकवर फोन नंबर आणि ईमेल झाकायचं बटण आहे. तेवढ्यावर विसंबू नका, ते नाव, पत्ता, खात्याचा नंबर झाकत नाही.

## पायरी १०: नाव, प्रकार आणि केबी

फाइलला नाव द्या. "स्क्रीनशॉट ४७" हे नाव आठवड्यानं कुणालाच कळत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, पुढं काम, असं लिहिलं की फोल्डरमध्ये आपोआप तारखेनं लागतात. अपलोड करायची फाइल असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा, काही पोर्टल मराठी अक्षरं किंवा कंस असलेली फाइल घेत नाहीत आणि एररमध्ये कारण पण सांगत नाहीत.

मजकुराचा स्क्रीनशॉट पीएनजीमध्येच ठेवा, अक्षरं कोरलेली राहतात. पोर्टल जेपीजी मागत असेल तर पेंटमध्ये सेव्ह ॲज करून जेपीजी निवडा. नुसतं फाइलच्या नावाचा शेवट बदलून पीएनजीचं जेपीजी होत नाही, पोर्टल ती फाइल नाकारतं.

केबी कमी करायचे असतील तर क्रम असा: आधी नको तो भाग कापा, मग जेपीजी करा, तरी जास्त असेल तर पेंटमधल्या रिसाइझमध्ये टक्केवारी कमी करा. ५० टक्के केलं की लांबी आणि रुंदी दोन्ही अर्ध्या होतात, म्हणजे चित्राचं क्षेत्रफळ पावच उरतं, अक्षरं मरतात. ८०, मग ७० असं उतरत जा आणि प्रत्येक वेळी वाचून बघा. लहान करायच्या आधीची पीएनजी मात्र राखून ठेवा, लहान केलेला परत मोठा नीट होत नाही.

## पायरी ११: पाठवताना

व्हॉट्सॲप वेबवर कंट्रोल व्ही करून टाकला की तो फोटो म्हणून जातो आणि दाबला जातो, बारीक मराठी मजकूर समोरच्याला धूसर दिसतो. जोडायच्या चिन्हात डॉक्युमेंट निवडून फाइल पाठवा, मग जशीच्या तशी जाते.

एकच स्क्रीनशॉट वर्डमध्ये चिकटवून ती वर्डची फाइल पाठवायची सवय ऑफिसात लई आहे, ती सोडा. फोटो पानाच्या रुंदीला आकसतो आणि मोबाईलवर उघडताना समोरच्याला त्रास होतो. चार-पाच एकत्र द्यायचे असतील तर फोल्डरमध्ये सगळे निवडा, राइट क्लिक, प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडून एकच पीडीएफ करा. त्या डब्यात फोटो चौकटीत भरण्याची टिक असते ती काढा, नाहीतर कडा कापल्या जातात.

सोबत दोन ओळी लिहा: काय करत होता, कुठं क्लिक केल्यावर हे आलं. सॉफ्टवेअरवाल्याला नुसता फोटो पाठवून "हे बघा" म्हटलं की तो उलट चार प्रश्न विचारतो आणि दिवस जातो.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसला असाल तर, म्हणजे कॅफेत, कॉलेजच्या लॅबमध्ये, आमच्यासारख्या दुकानात, उठायच्या आधी एवढं करा. पिक्चर्समधलं स्क्रीनशॉट्स फोल्डर उघडा, तुमच्या फाइल निवडा, शिफ्ट आणि डिलीट दाबा म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण राहणार नाहीत. डाउनलोड्समध्ये बघा. विंडोज आणि व्ही दाबून क्लिअर ऑल करा. वनड्राइव्ह चालू असेल तर दुकानदाराला सांगा की तिकडची पण प्रत काढून टाका, तो नाही म्हणायचा नाही. मग व्हॉट्सॲप वेब आणि ईमेलमधून लॉगआउट करा, आणि मोबाईलमधल्या व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये त्या कॉम्प्युटरचं नाव उरलं नाही ना ते बघा.